कवटीची साक्ष किती खरी?

जून २०२५ मध्ये अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान कोसळले आणि २६० जणांचा बळी गेला. त्यानंतर कित्येक दिवस गुजरातच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत डीएनए जुळवणीचे काम अहोरात्र चालू होते. विमानातील प्रवाशांची यादी हाती होती आणि नातेवाईक रक्ताचे नमुने देण्यासाठी रांगेत उभे होते. काम क्लेशदायक होते, पण त्याला एक चौकट होती. पुढच्याच महिन्यात कर्नाटकातील धर्मस्थळ प्रकरण पुढे आले. एक तक्रारदार कवटी घेऊन समोर आला, अनेक मृतदेह आपण पुरले असे त्याने सांगितले, विशेष तपास पथक नेमले गेले, खोदकाम झाले आणि २३ ऑगस्टला खुद्द तक्रारदारालाच अटक झाली. इथे यादी नव्हती आणि नमुना कोणाचा घ्यायचा हेही ठाऊक नव्हते. ती कवटी कोणाची, बाईची की पुरुषाची, यावर त्या दिवसांत बातम्यांचा आणि तर्कांचा नुसता पाऊस पडला. दूरचित्रवाहिन्यांवरील चर्चेत हा प्रश्न असा विचारला जात होता, की जणू प्रयोगशाळेत कवटी ठेवली की यंत्र आपोआप उत्तर छापून देते. वस्तुस्थिती तशी नाही. मात्र कवटीचे सीटी स्कॅन आणि संगणक यांच्या साहाय्याने ती तशी होऊ पाहते आहे, आणि म्हणूनच या विषयाकडे बारकाईने पाहण्याची वेळ आली आहे.

हा प्रश्न गाजलेल्या प्रकरणांपुरता मर्यादित नाही. घाटातली दरी, उसाचा फड, पडकी विहीर, खाडीकाठचे तिवरांचे रान अशा ठिकाणी अस्थी सापडणे हे पोलिसांच्या कामात नवे नाही. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, हाडे पिशवीत किंवा खोक्यात भरून आधी सरकारी रुग्णालयाकडे आणि तिथून वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यक अथवा शरीररचनाशास्त्र विभागाकडे रवाना होतात. सोबतच्या पत्रातले प्रश्न ठरलेले असतात. हाडे माणसाची आहेत काय? एकाची की अनेकांची? स्त्री की पुरुष? वय किती, उंची किती, मृत्यू होऊन किती काळ लोटला, आणि हाडावर शस्त्राची खूण आहे काय?

यातला स्त्री की पुरुष हा प्रश्न वरवर साधा दिसतो. प्रत्यक्षात पुढच्या साऱ्या तपासाची दिशा त्यावर ठरते. अस्थी स्त्रीच्या आहेत असे मत आले की तपास अधिकारी आसपासच्या ठाण्यांतून बेपत्ता स्त्रियांच्याच तक्रारी मागवतो. बेपत्ता पुरुषांची निम्मी यादी त्या क्षणी बाजूला पडते. हाडाच्या लांबीवरून उंची काढण्याची सूत्रेही स्त्री-पुरुषांसाठी वेगळी असतात, वयाचे काही ठोकताळेही वेगळे असतात; तेव्हा पहिले उत्तर चुकले की पुढची दोन-तीन उत्तरेही त्याच्यामागोमाग चुकतात. ज्या घरातला माणूस गेलेला असतो त्या घरापर्यंत पोलीस पोहोचतच नाहीत. मग सात वर्षे वाट पाहून मृत्यूचे अनुमान काढून घेण्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. तोपर्यंत वारसनोंद होत नाही, विम्याचे पैसे मिळत नाहीत, आणि बायको विधवा की सधवा याचे उत्तर कोणी देत नाही. हाडे मात्र एखाद्या शवागाराच्या कोपऱ्यात, भलत्याच वर्णनाची चिठ्ठी लावून पडून असतात.

या चुकीचा एक जुना आणि बोलका दाखला आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईशी जुळतो. मुंबईत १८९९ साली पारशी कुटुंबात जन्मलेला आणि मुंबई विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतलेला बुख्त्यार रुस्तमजी रतनजी हकीम हा इंग्लंडमध्ये जाऊन डॉ. बक रक्सटन झाला आणि लँकॅस्टर गावी व्यवसाय करू लागला. सप्टेंबर १९३५ मध्ये त्याने आपली जोडीदारीण इझाबेला आणि घरातली मोलकरीण मेरी रॉजरसन या दोघींचा खून केला. डॉक्टरच तो, ओळख पटवायला उपयोगी पडतील असे अवयव त्याने नेमके काढून टाकले, प्रेतांचे तुकडे केले आणि स्कॉटलंडमधील मॉफॅट गावाजवळ ओढ्यात फेकून दिले. २९ सप्टेंबरला ते सापडले तेव्हा प्राथमिक मत असे पडले, की त्यात एक पुरुष आहे आणि एक स्त्री. वर्तमानपत्रांनी तसे छापले. ते वाचून, या आपल्या घरातल्या दोघी नव्हेत, अशा अर्थाचे समाधानाचे उद्गार रक्सटनने घरकामाच्या बाईजवळ काढले होते, अशी साक्ष पुढे खटल्यात झाली.

एडिंबरोचे शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स ब्रॅश आणि ग्लासगोचे न्यायवैद्यकतज्ज्ञ जॉन ग्लेस्टर यांनी तुकडे जुळवून दोन देह वेगळे केले, ते दोन्ही स्त्रियांचेच असल्याचे सिद्ध केले, आणि कवट्यांची छायाचित्रे त्या दोघींच्या हयातीतल्या छायाचित्रांवर ठेवून पाहिली. त्या काळी हा प्रकार नवाच होता. मे १९३६ मध्ये रक्सटनला फाशी झाली. अवशेष ज्या वर्तमानपत्रात गुंडाळले होते ते स्थानिक आवृत्तीचे निघाले, हा धागा पोलिसांच्या हाती लागला नसता तर पहिल्या चुकीच्या मताने तपास किती दूर भरकटला असता, याची कल्पनाच केलेली बरी.

मुळात कवटीवरून स्त्री-पुरुष ओळखायचे तरी कसे? पुरुषाच्या कवटीत भुवयांवरचा उंचवटा ठळक असतो, कपाळ काहीसे मागे झुकलेले असते, कानामागचे खाली उतरणारे हाड जाड आणि मोठे असते, मानेचे स्नायू जिथे चिकटतात तो कवटीचा मागचा भाग खडबडीत असतो, हनुवटी चौकोनी असते. स्त्रीची कवटी तुलनेने लहान आणि गुळगुळीत, कपाळ उभे, डोळ्याच्या खोबणीची वरची कड धारदार, हनुवटी निमुळती. याचे कारण पौगंडावस्थेतल्या संप्रेरकांत आणि स्नायूंच्या वाढीत आहे. जिथे स्नायू बळकट, तिथे हाडालाही त्याला धरून ठेवण्यासाठी उंचवटे येतात. कटिभागाच्या हाडांची गोष्ट निराळी. तिथला फरक बाळंतपणाच्या गरजेशी जोडलेला असल्याने तो अधिक स्पष्ट असतो, आणि म्हणून जाणता तज्ज्ञ आधी कंबरेची हाडे मागतो. परंतु उघड्यावर पडलेल्या देहाची कोल्ही-कुत्री वाताहत करतात, नदीचे पाणी हाडे पांगवते, आणि खुनी तर शीर मुद्दामच वेगळे टाकतो. अनेकदा हाती येते ती एकटी कवटी.

वर दिलेली लक्षणे म्हणजे दोन टोके आहेत. बहुतेक माणसे त्यांच्या अध्येमध्ये असतात. म्हणूनच अभ्यासकांनी या लक्षणांना एक ते पाच असे गुण देण्याची पद्धत बसवली. अमेरिकेतील फिलिप वॉकर यांनी २००८ साली तिला संख्याशास्त्राची जोड दिली. त्याआधी क्रॉगमन यांनी त्यांच्या १९६२ च्या प्रसिद्ध ग्रंथात अमेरिकेतल्या क्लीव्हलंड येथील सांगाड्यांच्या आधारे सांगितले होते, की संपूर्ण सांगाडा असेल तर उत्तर शंभर टक्के बरोबर येते, फक्त कटिभागावरून ९५ टक्के आणि फक्त कवटीवरून ९२ टक्के. हे आकडे पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरत गेले. परंतु त्या संग्रहात पुरुषांचेच सांगाडे जास्त होते. तिथे डोळे मिटून ‘पुरुष’ म्हटले तरी बरोबर येण्याची शक्यता चांगलीच होती! पुढे १९७२ मध्ये केनेथ वाइस यांनी आणखी एक अवघड गोष्ट दाखवून दिली. पुरातत्त्वीय सांगाड्यांचे अभ्यास एकत्र पाहिले असता पुरुष ठरवलेल्यांचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी फाजील दिसत होते. संशय आला की तज्ज्ञाचा कौल पुरुषाकडे झुकत होता. यात लबाडी नव्हती, डोळ्याची सवय होती. वय वाढल्यावर स्त्रियांच्या कवटीचे काही भाग अधिक ठसठशीत दिसू लागतात, आणि वृद्ध स्त्री पुरुषांच्या रकान्यात जाते, असेही निरीक्षण आहे.

सीटी स्कॅनचे महत्त्व इथे सुरू होते. सीटी स्कॅन यंत्र कवटीचे मिलिमीटरच्या आसपास जाडीचे शेकडो छेद टिपते आणि संगणक ते जोडून पडद्यावर त्रिमितीय कवटी उभी करतो. ती हवी तशी फिरवता येते, हवी तिथे कापता येते, आणि मूळ हाडाला धक्काही लागत नाही. जळालेल्या किंवा कुजलेल्या देहाची कवटी पूर्वी उकळून स्वच्छ करावी लागे, ते टाळता येते. ‘कानामागचे हाड मोठे आहे’ या शब्दांऐवजी त्याचे घनफळ किती घनसेंटिमीटर आहे हे सांगता येते. कपाळातील आणि गालामागील हवेच्या पोकळ्या, कानाच्या आतील कठीण हाडातली नलिका, कवटीच्या तळाचे मोठे छिद्र ही बाहेरून न दिसणारी किंवा अवघड मापेही घेता येतात. कानाजवळचे ते हाड तर शरीरातल्या सर्वांत कठीण हाडांपैकी; आगीतून बाकीचे काही उरले नाही तरी ते पुष्कळदा उरते. शिवाय एका तज्ज्ञाने घेतलेले माप दुसऱ्याने, हजार किलोमीटरवर बसून, पुन्हा घेऊन पाहावे ही सोय पूर्वी नव्हती.

वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील डॅनियल फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४०० व्यक्तींच्या कवट्यांचे रुग्णालयीन स्कॅन वापरले आणि मापांवरून सुमारे ९० टक्क्यांपर्यंत अचूक उत्तर मिळवले. त्याच देशातील अॅडलेडच्या संशोधकांनी २०१९ मध्ये वेगळी वाट धरली. त्यांनी मापे घेतलीच नाहीत. नऊशे कवट्यांच्या स्कॅनमधून तयार केलेल्या प्रतिमा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जाळ्याला दाखवल्या, कोणती स्त्रीची आणि कोणती पुरुषाची ते सांगितले, आणि मग न पाहिलेल्या शंभर कवट्या समोर ठेवल्या. ९५ उत्तरे बरोबर आली. अनुभवी माणसाला जे साधते तेवढे, किंवा थोडे अधिकच, यंत्राने साधले. आणि यंत्राला रविवार नसतो की निवृत्तीचे वय नसते.

तरीही या ९५ च्या आकड्याने हुरळून जाण्यात अर्थ नाही. शंभरातल्या पाच चुका कोणत्या, हे प्रत्यक्ष प्रकरणात आधी कळत नाही. त्या शंभर कवट्या ज्या समाजातल्या होत्या, त्याच समाजातल्या नऊशे कवट्यांवर यंत्र शिकले होते. घरच्या मैदानावरचा हा सामना होता. आणि यंत्राने अमुक कवटी स्त्रीची का ठरवली, हे यंत्राला नीट सांगता येत नाही. माणूस निदान चुकीचे तरी कारण देतो, आणि त्या कारणाची उलटतपासणी होऊ शकते.

भारताच्या दृष्टीने सर्वांत गंभीर मुद्दा घरच्या मैदानाचाच आहे. कवटीचा आकार समाजागणिक, प्रदेशागणिक आणि आहारागणिक बदलतो. मोठ्या बांध्याच्या अमेरिकी लोकांच्या मापांवर बेतलेली सीमारेषा भारतीय कवट्यांना लावली, तर आपल्याकडचे किरकोळ बांध्याचे पुरुष सरसकट स्त्रियांच्या बाजूला पडणार हे उघड आहे. डोळ्याने पाहणारा तज्ज्ञ पुरुषाकडे झुकतो आणि परक्या मापांचे सूत्र स्त्रीकडे, म्हणजे चुकीची दिशासुद्धा पद्धतीबरोबर बदलते! मापे काळानुसारही बदलतात. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या अॅन रॉस आणि सहकाऱ्यांनी स्पेन व पोर्तुगालमधील सोळाव्या आणि विसाव्या शतकांतल्या कवट्यांची तुलना करून २०११ साली दाखवले, की काळाच्या ओघात स्त्री-पुरुषांतले अंतर कमी झाले; स्त्रियांच्या कवट्या मोठ्या होत गेल्या. आजी आणि नात यांना एकच फूटपट्टी लावणेही त्यामुळे धोक्याचे.

मग भारतीय फूटपट्टी का नाही? इथे इतिहासाने आपल्याशी मोठी क्रूर थट्टा केली आहे. १९८५ मध्ये सरकारने निर्यातबंदी घालेपर्यंत जगाला मानवी सांगाडे पुरवणारा सर्वांत मोठा देश भारत होता. कोलकाता हे त्या व्यापाराचे केंद्र. युरोप-अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या भारतीय गरिबांच्या हाडांवर शरीररचना शिकल्या. पण व्यापाऱ्याने सांगाड्यासोबत नाव, वय, गाव काहीच नोंदले नाही. तो माणूस होता की बाई, हे विकत घेणाऱ्याने हाडे पाहूनच ठरवायचे. संशोधनासाठी लागते ती नेमकी उलट गोष्ट: ज्याचे लिंग, वय आणि प्रदेश कागदोपत्री पक्के आहे अशी कवटी. अमेरिकेत टेरी किंवा हॅमन-टॉड यांच्यासारखे नोंदणीकृत संग्रह विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभे राहिले. आपण जगाला हाडे दिली आणि स्वतःकडे मोजण्याजोगा संग्रह मात्र ठेवला नाही. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतून कवट्यांवर शोधनिबंध निघतात, यात शंका नाही. परंतु त्यांतले पुष्कळसे विभागात असलेल्या मोजक्या कवट्यांवर बेतलेले असतात. त्या कवट्यांचे लिंग कधीकाळी कोणीतरी डोळ्यानेच ठरवलेले असेल, तर अशा कवट्यांवर नवी पद्धत तपासणे म्हणजे विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका त्याच्याच शेजाऱ्याच्या उत्तरांवरून तपासण्यासारखे आहे.

स्कॅनने ही कोंडी फोडण्याची खरी संधी दिली आहे. त्यासाठी हाडे गोळा करण्याची गरज उरलेली नाही. अपघातात डोक्याला मार लागलेले, पक्षाघाताचा झटका आलेले, डोकेदुखीने बेजार झालेले असंख्य जिवंत रुग्ण दररोज या यंत्राखाली जातात, आणि प्रत्येकाचे वय व लिंग केसपेपरवर असते. कोकणातला, विदर्भातला, मराठवाड्यातला माणूस वेगवेगळा मोजता येईल इतके भांडार आपल्या सार्वजनिक रुग्णालयांच्या संगणकांत साठत असते आणि जागा पुरत नाही म्हणून पुसलेही जात असते. रुग्णाचे नाव काढून टाकून, नीतिसमितीची संमती घेऊन आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची चौकट पाळून हे स्कॅन संशोधनासाठी राखून ठेवणे अशक्य नाही. अर्थात नुसते नाव काढून भागणार नाही. डोक्याच्या स्कॅनमधून चेहराही पुन्हा उभा करता येतो, तेव्हा त्वचेचा थर काढून केवळ हाडाची प्रतिमा ठेवावी लागेल. खर्च होईल तो साठवणुकीचा आणि मोजणाऱ्या हातांचा.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र स्कॅनही फारसा उपयोगी नाही, आणि हे ठणकावून सांगायला हवे. वयात येण्यापूर्वी मुलगा आणि मुलगी यांच्या कवटीत भरवसा ठेवावा असा फरकच नसतो. नोएडातील निठारी येथे २९ डिसेंबर २००६ रोजी एका बंगल्यामागच्या नाल्यात कवट्या आणि हाडे सापडू लागली, तेव्हा बेपत्ता झालेल्यांत बहुतेक लहान मुले-मुलीच होत्या. आईबापांना आपले मूल ओळखता आले ते कपड्यांवरून, चपलांवरून आणि पुढे डीएनए चाचणीवरून. त्या खटल्यांचे पुढे काय झाले हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासातील गंभीर त्रुटींवर बोट ठेवून आरोपींची सुटका केली, जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये उरलेल्या एका खटल्यातही मुख्य आरोपी निर्दोष सुटला. मृत कोण हे विज्ञानाने सांगितले. कोणी मारले हे तपासाला सिद्ध करता आले नाही. या दोन प्रश्नांची आपल्याकडे नेहमी गल्लत होते, आणि प्रयोगशाळेच्या अहवालावर नको तितके ओझे टाकले जाते.

यावर कोणी म्हणेल, की डीएनए असताना कवटी मोजत बसायचे कशाला? डीएनए चाचणी निःसंशय श्रेष्ठ आहे. परंतु ती ‘कोण’ हे तेव्हाच सांगते, जेव्हा जुळवून पाहायला आई-वडिलांचा किंवा मुलांचा नमुना असतो. तो कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्यासाठी आधी चाळणी लावावी लागते, आणि ती चाळणी म्हणजे लिंग, वय व उंची. जळालेल्या किंवा वर्षानुवर्षे पावसात भिजलेल्या हाडातून डीएनए मिळेलच याची खात्री नसते, आणि मिळवण्यासाठी हाड कुटावे लागते. बेपत्तांच्या आणि बेवारस मृतदेहांच्या डीएनएची राष्ट्रीय नोंद ठेवू पाहणारे २०१९ चे विधेयक सरकारने जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्यातील खासगीपणाविषयीचे आक्षेप रास्त होते. पण बेपत्तांच्या कुटुंबांसाठी दुसरी वाट काढली गेली नाही, हेही खरे.

आणि डीएनएसुद्धा लिंगाच्या बाबतीत निर्दोष नाही. लिंग ओळखण्यासाठी सर्वसाधारणपणे अॅमेलोजेनिन हा जनुक पाहतात. एक्स आणि वाय गुणसूत्रांवरील त्याच्या प्रतींच्या लांबीत थोडा फरक असतो. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये २७० भारतीय पुरुषांची तपासणी केली, तेव्हा पाच जणांत वाय गुणसूत्रावरची प्रत आढळलीच नाही. केवळ या चाचणीवर विसंबले असते तर हे पाच पुरुष कागदावर स्त्रिया ठरले असते. हे कळल्यावर वाय गुणसूत्रावरील आणखी खुणा तपासण्याची पद्धत रूढ झाली. परदेशी चाचणी जशीच्या तशी उचलल्याने काय होते, याचा हा आपल्याच मातीतला पुरावा आहे, आणि कवटीच्या स्कॅनला तोच न्याय लावायला हवा.

न्यायालयांची भूमिका या बाबतीत बरीच सावध राहिली आहे. कवटीवर छायाचित्र ठेवून केलेली ओळख पुरावा म्हणून दाखल करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने राम लोचन अहिर खटल्यात १९६३ च्या सुमारासच मान्य केले. पण २०२२ मध्ये तमिळनाडूतील एका खुनाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने बजावले, की ही पद्धत अचूक मानता येणार नाही आणि एकट्या तिच्यावर शिक्षा उभी करता येणार नाही. त्या प्रकरणात डीएनए चाचणी झालेली नव्हती. स्कॅनवर आधारित मताचे स्थानही तज्ज्ञाच्या मताचेच राहणार. मात्र ते मत कसे मांडले जाते, याकडे आता लक्ष द्यावे लागेल. आपल्याकडील अहवालांत ‘अस्थी स्त्रीच्या आहेत’ असे एका ओळीचे ठाम वाक्य लिहिण्याची सवय आहे. पोलिसांना ते सोयीचे पडते आणि साक्षीला उभ्या राहणाऱ्या डॉक्टरांनाही. त्याऐवजी कोणत्या लक्षणांवरून, कोणत्या समाजाच्या आकडेवारीशी तुलना करून आणि किती संभाव्यतेने हे मत दिले, हे लिहिले गेले पाहिजे. पन्नास-पंचावन्न टक्क्यांवर रेंगाळणारी कवटी असेल तर ‘निश्चित सांगता येत नाही’ असे म्हणण्याचे धैर्यही पाहिजे. अनिश्चित उत्तराने तपास दोन्ही याद्या उघड्या ठेवतो. चुकीच्या ठाम उत्तराने एक यादी बंद होते.

याच ओघात एका गोष्टीचा उल्लेख करायला हवा. हाडे सांगतात ते शरीराचे लिंग. माणूस कोणत्या नावाने, कोणत्या ओळखीने जगला हे हाडावर लिहिलेले नसते. २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता दिली आहे. त्यांच्यापैकी कोणी बेपत्ता झाले आणि तक्रार स्त्री म्हणून नोंदली गेली, तर पुरुषाच्या म्हणून ठरलेल्या कवटीशी ती तक्रार कोणी ताडून पाहणार नाही. एरवीही ज्यांच्या मृत्यूची चौकशी हात राखून होते, अशांच्या बाबतीत ही चूक होण्याचा धोका अधिक.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. महाराष्ट्रात मुंबईतील कालिन्यापासून नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, कोल्हापूर, नांदेडपर्यंत प्रयोगशाळांचे जाळे आहे. परंतु हाडे तपासण्याचे काम प्रामुख्याने वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांवर पडते, आणि ते शिकवणे, शवविच्छेदन व न्यायालयातील साक्षी सांभाळून उरलेल्या वेळात होते. अस्थीशास्त्राचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतलेली माणसे नेमल्याशिवाय नुसती यंत्रे घेऊन उपयोग नाही. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये २०२१ पासून मृतदेहांच्या सीटी स्कॅनसाठी स्वतंत्र सोय सुरू झाली. जिल्हा पातळीवर मात्र रुग्णांसाठीच्या यंत्रावर गोणीतून आलेली कवटी ठेवायची म्हटले, तर तंत्रज्ञ कुरकुरणार आणि रुग्णाचे नातेवाईक आक्षेप घेणार. यावर रात्रीची राखीव वेळ आणि सीलबंद पेटी असा साधा उपाय आहे. पेटीतून हाड बाहेर काढावेच लागत नाही. किरण प्लास्टिकच्या आरपार जातात.

स्कॅनचा आणखी एक फायदा लिंगनिश्चितीपलीकडचा आहे, आणि आपल्या पद्धतीत तोच कदाचित सर्वांत मोठा ठरेल. हाडे हरवतात. रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात २०१२ मध्ये सापडलेले आणि शीना बोरा प्रकरणात मुद्देमाल बनलेले अवशेष सापडत नसल्याचे २०२४ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयात सांगण्यात आले. नंतर ते सीबीआयच्या दिल्लीतील कार्यालयात असल्याचे निष्पन्न झाले. देशभर गाजलेल्या खटल्यात ही अवस्था, तर एखाद्या तालुक्याच्या ठाण्यातील खोक्याचे काय होत असेल? कवटी ताब्यात येताच तिचा स्कॅन करून त्याची प्रत न्यायालयात आणि प्रयोगशाळेत ठेवली, तर पुढे उंदरांनी खोके कुरतडले, गोदामात पाणी शिरले किंवा तपासणारा डॉक्टर निवृत्त झाला, तरी बचाव पक्षाच्या तज्ज्ञाला तीच कवटी, त्याच मापात, पुन्हा तपासता येईल. आज ज्या मताबद्दल शंका आहे त्याची फेरतपासणी दहा वर्षांनी अधिक चांगल्या भारतीय आकडेवारीच्या आधारे करता येईल, आणि चुकीच्या रकान्यात गेलेली एखादी बेपत्ता व्यक्ती तिच्या घरच्यांना तेव्हा तरी सापडू शकेल.